उजव्या हाताला ठेवलेली तलवार

मी तलवार बोलतेय. शिनानो प्रांताच्या डोंगरातल्या मोरिनोबू लोहाराने मला घडवलं. त्याआधी त्याने ओढ्याच्या गार पाण्याने अंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि भट्टीपाशी हात जोडले. मग पोलाद तापवायचं, ठोकायचं, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. शेवटी लालबुंद होऊन मी पाण्यात शिरले. अंग चर्रर्र झालं आणि माझी पाठ किंचित वाकली, ती कायमचीच.

"धार मी दिली," मला कुसाका तोबेईंच्या हाती देताना तो म्हणाला. "पुढचं तुमच्याकडे."

तोबेई किल्ल्यावरच्या तरुणांना तलवार शिकवत. मला मात्र ते क्वचितच उपसत. "म्यानात असतानाच जिंकता यावं, ती खरी विद्या," ते म्हणत.

"मग गुरुजी, एवढी धार कशाला?" गेनपाचीने एकदा विचारलं. शिष्यांत तो सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत तापट.

"बोथट तलवार म्यानात ठेवण्यात कसला आलाय मोठेपणा?"

पोरं हसली. गेनपाची हसला नाही.

पुढे दुष्काळ पडला. कोठारावरच्या अधिकाऱ्याने धान्य मागायला आलेल्या गेनपाचीच्या आईला लोटून दिलं. गेनपाचीने किल्ल्याच्या आवारातच तलवार उपसली आणि त्या अधिकाऱ्याचा हात जायबंदी केला. तिथे रागाने तलवार उपसणाऱ्याला एकच शिक्षा होती, मृत्यू. तो पळाला आणि आमच्याच तालमीत कडी लावून बसला. किल्ल्याच्या सरदारांनी तोबेईंना हुकूम दिला, "तुमचा शिष्य आहे. तुम्हीच कापा."

तोबेई मला कमरेला खोचून निघाले. दारातून त्यांनी हाक दिली, "गेनपाची, जेवलास का रे?"

मग कडी निघाली. गेनपाची नागवी तलवार धरून उभा होता. डोळे तांबारलेले.

तोबेई त्याच्यासमोर गुडघे मोडून बसले. आमच्याकडे तलवार डाव्या हाताला ठेवली की ती पापणी लवायच्या आत उपसता येते. त्यांनी मला कमरेतून काढलं आणि उजव्या हाताला ठेवलं. मूठ गेनपाचीकडे. त्याने एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर तोबेईंचा हात माझ्यापर्यंत पोचलाच नसता.

"आमच्या हिने तुझ्यासाठी भाताचे मुटके दिलेत. आत मुळ्याचं लोणचं आहे."

"गुरुजी, तुम्ही मला मारायला आलात ना?"

"हुकूम तोच आहे. आधी खाऊन घे."

गेनपाचीने तलवार चटईवर ठेवली. तो खाली बसला आणि रडत रडत मुटके खाऊ लागला. त्याचं खाणं होईपर्यंत तोबेई हलले नाहीत. मग त्यांनी मला उपसलं. गेनपाचीने डोळे मिटून मान पुढे केली.

मी हवेतून गेले. त्याची शेंडी चटईवर पडली. योद्ध्याची शेंडी गेली की तो योद्धा राहत नाही.

"डोंगरावरच्या मठात जा," तोबेई म्हणाले. "मागे बघू नकोस."

दुसऱ्या दिवशी दरबारात सरदारांनी विचारलं, "कापलंत?"

"कापलं, महाराज." तोबेईंनी फडक्यातली शेंडी पुढे ठेवली. "तलवारबाज गेनपाची संपला. एक भिक्षू उरला आहे. हुकूम मोडला असं वाटत असेल, तर माझी मान हजर आहे."

सरदारांनी मला मागून घेतलं, उपसलं. पात्यावर रक्त नव्हतं. एक केस तेवढा चिकटला होता. ते किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग त्यांनी बाहीतून कागद काढला, स्वतःच्या हाताने मला पुसलं, म्यानात घातलं आणि दोन्ही हातांनी तोबेईंना परत दिलं.

आज मी तोबेईंच्या वंशातल्या मिसाएबाईंकडे आहे. त्याही शिकवतात. नव्या वर्षाच्या सकाळी त्या मला उपसतात, तेव्हा पात्यावर श्वासाची वाफ पडू नये म्हणून ओठांत कागद धरतात.

कधी आलात तर तुम्हीही जवळ या. माझ्या पात्यात तुमचा चेहरा दिसेल. त्यावर राग असेल तर रागच दिसेल. घाबरू नका, मी कुणाला सांगत नाही. नीट बघा, आणि मग मला हळूच म्यानात जाऊ द्या.