भिंगरीची बावीस मिनिटं

घरी तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि त्यात लाड नव्हता, ती तक्रार होती. जेवायला बसली की ती मीठ आणायला उठायची. मीठ समोरच असलं तर ते परत ठेवायला उठायची. शाळेच्या वर्गाच्या फोटोत सगळ्या मुली दिसतात आणि तिच्या जागी थोडा धूर. "हिच्या बुडाखाली कुणीतरी निखारा ठेवलाय," आई म्हणायची, "आणि तो विझवायला पाणी आणायलाही हीच उठते."

अशा मुलीनं संशोधनाला विषय कुठला घ्यावा? तर एका बाटलीतलं पाणी थिजायची वाट बघायची.

बाटली अंगठ्याएवढी. पाण्यात काठीसारखे ताठ रेणू. त्यांना कुणी एकमेकांना चिकटवलेलं नसतं, ते नुसते हात धरून उभे राहतात. असे अब्जावधी उभे राहिले की पाण्यात जाळं विणलं जातं आणि पाणी जेलीसारखं थिजतं. त्यांच्यावर जांभळा दिवा पाडला की रेणू कमरेत वाकतात, हात सुटतात, आणि पाण्याचं पुन्हा पाणी. जाळ्यात बसायला तिनं अतिसूक्ष्म कण सोडले होते, केसाच्या जाडीत दोन-तीन हजार एका रांगेत बसतील असे. बाटलीच्या बुडाशी डोळ्यांना न दिसणारा एक किरण कायम चालू असायचा. जाळं विणलं गेलं की कण हिरवे उजळायचे. सुटे असले की पाणी त्यांचा उजेड गिळून टाकायचं.

हे सगळं घडलं होतं, नाही असं नाही. एकदा. अकरा आठवड्यांपूर्वी. त्यानंतर तिनं एकशे सतरा वेळा तेच केलं, आणि एकशे सतरा वेळा बाटलीत पाणी होतं.

तिनं पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, हातमोजे बदलले. त्या यशस्वी दिवशी घातलेला कुर्ता न धुता आठ दिवस घातला. तेव्हा बाटली बदलली नाही, पण शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी खोली बदलली. वहीत तिनं त्या दिवसाचं तापमान, हवेतला दमटपणा, झाकणाचा रंग, सगळं लिहून ठेवलं होतं. एक गोष्ट लिहिली नव्हती, कारण ती रसायनशास्त्रात मोडत नव्हती. त्या दिवशी बाटली ठेवायला वाकताना तिच्या कंबरेत उसण भरली होती, आणि ती अर्धा तास स्टुलावर तशीच, वाकडी, डोळे मिटून, पुतळ्यासारखी बसून होती.

आज चार वाजता परीक्षक येणार होते. त्यांना सगळीकडे 'उलटे सर' म्हणत, कारण ते कुणाचाही प्रबंध वाचत नसत. बाटली हातात घेत आणि उलटी करत. थिजलेलं असेल तर पडणार नाही, पडलं तर थिजलेलं नव्हतं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. शिवाय थिजायचं ते त्यांच्या डोळ्यांसमोर. पूर्वी कुणीतरी फडक्याखाली बाटली बदलली होती. तेव्हापासून ते झाकलेली कुठलीच वस्तू मानत नसत, डबासुद्धा उघडून जेवायला बसत. आज पाणी पाणीच राहिलं, तर भिंगरीचा विषय बंद होणार होता. चार वर्षं, अक्षरशः, पाण्यात.

अकरा वाजता ती टेबलाभोवती फेऱ्या मारत असताना शिडी घेऊन मामा आत आला. तिचा सख्खा मामा, इमारतीचा इलेक्ट्रिशियन.

"तू इथे कसा?"

"तक्रार आहे. सगळ्या इमारतीत माणूस हलला की दिवा लागतो, तीन मिनिटं हलला नाही की विझतो. एवढी एक खोली, जिथला दिवा विझतच नाही. यंत्र बिघडलंय म्हणे." मामानं शिडी लावली, वर बघितलं, मग खाली बघितलं. "तू रोज इथेच असतेस?"

"सकाळी नऊपासून."

"आणि अशीच फिरतेस?"

"कशी?"

"बाहेर जा," मामा म्हणाला. "तू आत आहेस तोवर यंत्र बिघडलंय की भाची, ते कळायचं नाही."

मामाला गळ टाकून बसायचा नाद होता. दर सुट्टीला तळ्याकाठी चार-चार तास. मासा आजवर मिळाला नव्हता, पण बसणं जमलं होतं. तो स्टुलावर बसला. ती व्हरांड्यात गेली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेचाळीस फेऱ्या मारून आली. त्यातल्या शेवटच्या दहा ती उलटी चालली, बदल म्हणून.

पंचवीस मिनिटांनी तिनं दार उघडलं. आत अंधार होता. तिचं पाऊल आत पडलं तसा लख्ख उजेड झाला.

"यंत्र ठणठणीत आहे," मामा म्हणाला. "तक्रार तुझ्या नावानं लिहू का? आणि काय गं, या बाटलीत ते हिरवं काय होतं?"

"कुठलं हिरवं?"

"काजव्यासारखं. छान दिसत होतं. तू दार उघडलंस आणि गेलं."

भिंगरीनं बाटली उचलून उलटी केली. पाणी पडलं नाही. ते वर, बुडाला, गुपचूप चिकटून राहिलं. तिनं श्वास रोखला. मिनिटभरानं एक बाजू सुटली, गोळा घसरला, आणि बघता बघता त्याचं पाणी झालं.

ती मटकन खाली बसली आणि लगेच उठली.

"मामा, हा दिवा! पांढरा दिवा!" साध्या दिव्याला हे रेणू भीक घालत नाहीत, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी आठ वर्षांपूर्वी छापलं होतं, पण तेव्हा खोलीत पिवळे बल्ब होते. नव्या पांढऱ्या दिव्यात निळा रंग भरपूर, जांभळ्याचा सख्खा शेजारी. रेणू बिचारे रोज हात धरायला जायचे, आणि ही रोज जांभई द्यायला, पेन शोधायला, त्यांचं काय चाललंय ते बघायला हलायची. "त्या दिवशी माझी कंबर धरली होती. मी हलले नव्हते!"

"म्हणजे चार वर्षं तूच..."

"अकरा आठवडे. आधीची चार वर्षं वेगळ्या चुका होत्या." ती शिडीला लोंबकळली. "मामा, दिवा बंद करून दे."

"बटण नाही. तुम्ही लोक विझवत नाही म्हणून काढून टाकलं. वायर सोडवायची तर तीन सह्या लागतात, आणि तिसरा सहीवाला सोमवारपर्यंत रजेवर आहे."

"मग काय करू?"

"बस," मामा म्हणाला.

एवढा कठीण सल्ला तिला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

चार वाजता बिनखिडकीच्या त्या खोलीत तिघं जण टेबलाभोवती बसले: उलटे सर, मॅडम आणि भिंगरी. तिनं सगळं सांगितलं. तीन मिनिटं दिवा विझायला, एकोणीस पाणी थिजायला, दुपारी मामाला आत बसवून मोजलेली. बावीस मिनिटं कुणीही हलायचं नाही.

"कुणीही म्हणजे?" मॅडमनी हात उडवून विचारलं. मॅडम हात उडवल्याशिवाय नावसुद्धा सांगू शकत नसत.

"डोळे मिटले तर चालतात," भिंगरी म्हणाली. "मामानं तपासलंय."

उलटे सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "साडेपाचला माझी गाडी आहे. पाच वाजता मी निघणार. बसा."

पहिल्या खेपेला दिवा विझला. अंधारात नऊ मिनिटं झाली, दहा झाली, आणि खोलीत एक बारीक गुणगुण सुरू झाली. डास मॅडमकडे गेला. टाळी वाजली. दिवा लागला. मॅडमच्या तळव्यावर डास नव्हता.

"माझं काही चुकलं का?" मॅडम म्हणाल्या, दोन्ही हातांनी.

दुसऱ्या खेपेला मॅडम दिवा विझेपर्यंतही टिकल्या नाहीत. "अगदी हलायचं नाही हं" असं बजावताना त्यांनी बोट नाचवलं. उलटे सरांनी घड्याळाकडे बघितलं. चार तेहतीस.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

चार वर्षं भिंगरीला "एका जागी बस गं!" म्हणून ओरडणाऱ्या मॅडम उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या. तिथे मामा होता. त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्याचं आतून ऐकू येत होतं. भिंगरीही उठू लागली, पण ज्याचा प्रयोग त्यानं समोरच बसायचं, असा सरांचा नियम होता.

चार पस्तीसला तिसरी खेप सुरू झाली. आता एकच खेप उरली होती, आणि हलणारं एकच माणूस.

दिवा विझला. भिंगरीला नाकाच्या शेंड्यावर खाज आली. मग कानामागे. मग अशा एका जागी की जिथे खाज येते हे तिला माहीतच नव्हतं. पाठीत कुणीतरी मुंग्यांची शाळा भरवली. डावा पाय म्हणाला, जरा हलतो. ती म्हणाली, खबरदार. उजवा म्हणाला, मग मी. तिनं रेणूंचा विचार केला. त्यांना कुणी बांधलेलं नव्हतं, चिकटवलेलं नव्हतं. सोडून द्यायला एक किरण पुरे होता, आणि तरी ते चाचपडत एकमेकांचा हात शोधत असतील. अब्जावधी जण. आणि आपल्या दोन पायांचं एकमत होत नाही.

घशात खोकला येऊन बसला. ती त्याला म्हणाली, बस, तूही बस.

आणि मग बाटलीच्या बुडाशी काहीतरी फिकं हिरवं झालं. आधी तिला वाटलं, डोळे ताणून दिसतंय. पण ते वर चढलं, कडेकडेनं पसरलं, आणि त्या उजेडात तिला समोर उलटे सरांची हनुवटी दिसली, मग नाक, मग दोन डोळे, लहान मुलासारखे उघडे. त्यांच्या गालावरून घामाचा थेंब ओघळत होता आणि ते तो पुसत नव्हते.

चार सत्तावन्नला त्यांनी हात उचलला. दिवा लागला. त्यांनी बाटली घेतली आणि उलटी केली.

पडलं नाही.

"हं," ते म्हणाले, आणि मोजायला लागले. पन्नासपर्यंत हललं नाही. साठाला कडा सुटली, सत्तराला गोळा घसरला, नव्वदाला झाकणापाशी पाणी डुचमळलं.

"साध्या दिव्यानं?" त्यांनी विचारलं.

"साध्या दिव्यानं."

"जांभळा दिवा वगैरे काही न लावता?"

"या छताच्या दिव्यानं, सर."

त्यांनी बाटली सरळ करून जागेवर ठेवली. "प्रबंधातलं जांभळ्या दिव्याचं प्रकरण काढा आणि हे घाला. विषय चालू राहील." दार उघडून ते बाहेर डोकावले. "मॅडम, आत या. सही हात हलवूनच करायची असते."

सह्या झाल्या. सर गाडी गाठायला पळाले, मॅडम त्यांना सोडायला, आठ वर्षांपूर्वीचं वाक्य कसं चुकलं ते हातवारे करत सांगत. मामा शिडी उचलून दारात थांबला.

"चल गं, आईला सांगायचंय ना? ऊठ."

"उठता येत नाहीये," भिंगरी म्हणाली. "दोन्ही पाय बधिर झालेत."

"तू? उठता येत नाही?" मामानं शिडी पुन्हा भिंतीला टेकवली. "थांब, हे आधी तुझ्या आईला फोनवर सांगतो. बाटलीचं तू तिला नंतर सांग."

तो व्हरांड्यात गेला. भिंगरी स्टुलावर तशीच राहिली. हात मांडीवर होते, आणि तेही कुठे जायचं म्हणत नव्हते. बाहेरून मामा ओरडून सांगत होता, "अगं बसलीये! एका जागी! आईशप्पथ!"

तीन मिनिटांनी दिवा विझला.