एका सुरात अरेरे

हेडमास्तर चिंतामणतात्या सांगलीला कुठल्याशा शिक्षक-परिषदेला जाऊन आले आणि प्रमोदिनीबाईंच्या डोक्याला नवा ताप झाला. "नुसतं लिहायला-वाचायला शिकवून काय उपयोग?" तात्या म्हणाले. "मुलांना राग आवरायला शिकवा, दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकवा. आणि तेही ग्रंथालयात, पुस्तकांच्या सहवासात!"

पलूसजवळच्या त्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे काचेचं एक कपाट. दसऱ्याला त्यातल्या पुस्तकांवर हळदकुंकू पडायचं, तेवढाच त्यांना माणसाचा हात. एरवी कपाटाला कुलूप आणि किल्ली तात्यांच्या जानव्याला. दर शनिवारी मुलं कपाटासमोर हाताची घडी घालून बसत आणि बाई त्यांच्याकडून माणुसकी घोकून घेत. कुणी दुःख सांगितलं की मान खाली घालायची, जरा थांबायचं आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "अरेरे!" साताऱ्याहून शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला यायचे होते, म्हणून मान कितपत खाली घालायची हेसुद्धा तात्यांनी स्वतः करून दाखवलं. बाईंना हा शुद्ध चावटपणा वाटे. पण नोकरी अजून कायम झाली नव्हती, तेव्हा त्याही मुकाट्यानं मुलांबरोबर अरेरे म्हणत आणि घरी गेल्यावर स्वतःवरच चडफडत.

एका शनिवारी तास संपल्यावर चौथीतली शालू मागे रेंगाळली. तिचा बाप केरबा ब्रह्मदेशच्या लढाईतून दोन्ही डोळे गमावून परत आला होता. दिवसभर गोठ्याच्या भिंतीला टेकून बसे, कुणाशी चकार शब्द बोलत नसे.

"बाई, ते शिकारीच्या गोष्टीचं पुस्तक घरला न्हिऊ?" शालूनं काचेवर बोट ठेवलं. "मिलटरीच्या दवाखान्यात आबाला त्येचा जोडीदार गोष्टी वाचून दावायचा. तवा आबा हसायचा, आबाला घरी सोडाय आल्यावर त्योच सांगत व्हता. मी बी वाचीन की."

बाई तिला घेऊन तात्यांकडे गेल्या. तात्यांनी आधी पोरीचे हात पाहिले. "उसाच्या फडात वावरणारे हात हे! पुस्तक चिकट होईल, पानं दुमडतील. साहेबांना काय दाखवू? आणि बाई, दया शिकवायची असते, अशी वाटत सुटायची नसते." एवढं ज्ञान पाजळून त्यांनी जानवं सदऱ्याच्या आत सारलं. बाई शालूला घेऊन माघारी फिरल्या. शालू मात्र रोज काचेला नाक लावून ते पुस्तक जागेवर आहे ना, हे बघून जाऊ लागली.

दिपोटीसाहेब आले. त्या दिवशी कपाट सताड उघडं, पुस्तकं झटकून उभी केलेली, तात्या डोक्यावर नवी पगडी घालून. साहेबांनी विचारलं, "मुलांनो, दुसऱ्याचं दुःख ओळखता येतं का तुम्हाला?"

शालू आपणहून उठली. "सायेब, माज्या आबाचं डोळं लढाईत गेल्यात. त्यो कुणासंगं बोलत न्हाई. त्येला गोष्टी वाचून दावायच्यात. त्या कपाटातलं पुस्तक मिळंल का?"

वर्गानं मान खाली घातली, जरा थांबला आणि एका सुरात म्हणाला, "अरेरे!"

"वा!" साहेब खूश झाले. "काय संस्कार आहेत! पोरीनं पाठही छान केलंय." तात्या लाजले. पोर तशीच उभी होती, आणि तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

आता मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली खड्ड्यात! त्या उठल्या, उघड्या कपाटातून शिकारीचं पुस्तक काढलं आणि शालूच्या हातात ठेवलं. "जा, आत्ताच वाचून दाखव आबांना." साहेबांनी टाळी वाजवली. त्यांना तोही पाठाचाच भाग वाटला. तात्यांनीही नाइलाजानं साहेबांबरोबर टाळी वाजवली. शालू पुस्तक पोटाशी धरून पळत सुटली होती.

साहेबांचा टांगा हलला तसे तात्या धापा टाकत वर्गात आले. मुलं अजून कपाटासमोरच बसलेली.

"बाई, काय केलंत हे?" त्यांचा आवाज चिरकला. "नवंकोरं पुस्तक होतं हो! एक पान उलटलेलं नव्हतं त्याचं! गेलं, माझं पुस्तक गेलं!"

मुलांनी मान खाली घातली. जरा थांबली.

"अरेरे!"