सुनावणीला निघालेल्या गाड्या

शहराच्या मध्यभागी गाडी घालायची तर रोज पैसे मोजायचे, असं पालिकेनं ठरवायला घेतलं आणि माझं डोकं सणकलं. मी काचा बसवतो. दुकानांची दारं, ऑफिसांच्या आतल्या भिंती, फुटलेल्या खिडक्या. माझं निम्मं काम त्या मधल्या चार रस्त्यांवर आहे. पुरुषभर उंचीची काच काखेत मारून बसमध्ये चढता येत नाही, हे कळायला काही पदवी लागत नाही. पण ज्यांनी हा नियम काढला त्यांनी आयुष्यात भिंतीत एक खिळा ठोकला असेल की नाही, शंकाच आहे.

आमच्या घरातच या विषयावरून दोन तट होते. माझी थोरली बहीण सिटी बस चालवते आणि वरच्या मजल्यावर राहते, जेवायला मात्र सगळे खालीच. ताई शुल्काच्या बाजूची. एकेका गाडीत एकेक माणूस बसून येतो आणि साठ माणसांची बस त्यांच्या मागे ताटकळते, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हणालो, पहिल्या तारखेला पगार होतो, तुला काय जातंय बोलायला. ती ताट अर्धवट टाकून वर गेली. दुसऱ्या दिवसापासून आईनं जेवताना हा विषय काढायला बंदी घातली. मग आम्ही तो जिन्यात काढायचो.

यथावकाश जनसुनावणी जाहीर झाली. नाव नोंदवणाऱ्याला तीन मिनिटं, नंबर पुकारल्यावर हजर नसेल तो बाद. माझा नंबर नववा. मला एकच गोष्ट मागायची होती, अवजारं आणि सामान वाहणाऱ्या गाड्यांना सूट द्या. ती मिळाली नाही तर माझी मधली गिऱ्हाइकं तिथल्याच एखाद्या मोठ्या कंपनीकडे जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. दोन पानं लिहून काढली आणि बायकोसमोर घड्याळ लावून चार वेळा वाचली. चौथ्या वेळी ती भाजी निवडता निवडता झोपली.

आदल्या रविवारी आम्हा कारागिरांची बैठक झाली. प्लंबर, लिफ्टवाले, एसीवाले, सुतार. आमचा पुढारी एक प्लंबर आहे, त्याच्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणतात. कुणीतरी सुचवलं की बसनं जाऊ, वेळेत पोचू. मी ताडकन उठलो. म्हणालो, ज्या गाडीसाठी भांडायचं तीच घरी ठेवून बसनं गेलो तर समिती तोंडावर हसेल. प्रत्येकानं आपापली गाडी घेऊन यायचं, किती पोटं त्यावर चालतात ते दिसू दे त्यांना. टाळ्या पडल्या. भोंग्यानं पाठीत असा धपाटा घातला की माझा चहा सांडला. घरी येऊन मी आईची बंदी मोडली आणि ही सगळी फुशारकी ताटावरच ऐकवली. ताई मान खाली घालून जेवत राहिली.

सुनावणी अकराला होती. मी साडेनऊला निघालो, एरवी वीस मिनिटांचा रस्ता. पावणेदहाला जुन्या पोस्टाच्या चौकात अडकलो तो अडकलोच. पुढे सुताराचा टेम्पो, डावीकडे एसीवाल्यांच्या तीन गाड्या, पलीकडे लिफ्टवाला, जिकडे बघावं तिकडे आमचीच माणसं. पहिली दहा मिनिटं आम्ही एकमेकांना हात केले. मग हात करणं थांबलं. गाडी तिथेच टाकून सुनावणीला चालत जावं, तर मागची रांग कायमची अडकली असती. अकरा वाजता लिफ्टवाला खाली उतरून सुताराला विचारत होता, चार फळ्या आणायला एवढं धूड लागतं का तुला. सुतारानं जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यात माझ्या मागच्या बसनं हॉर्नचा सपाटा लावला होता. माझी गाडी काय पंख लावून उडणार होती? सव्वाअकराला माझा संयम संपला. उतरलो, तरातरा बसच्या खिडकीखाली गेलो आणि तोंड सोडणार तेवढ्यात वर बघितलं. स्टिअरिंगवर ताई होती. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"केव्हाची बोलावतेय तुला," ती खाली वाकून हळूच म्हणाली. "सातला डेपोतून निघाले तेव्हापासून बाथरूमला जायला मिळालेलं नाही. शेवटच्या स्टॉपवर सोय आहे, पण तिथे पोचतच नाहीये. आता धरवत नाही रे."

ड्युटीच्या दिवशी ती सकाळी पाणीसुद्धा दोन घोटच प्यायची, आणि मी तिला नखरेल म्हणून चिडवायचो. वर्षात दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तेव्हा घरी तिनं पाठ धरलीय असं सांगितलं होतं. ती पाठ नव्हतीच, तासन्‌तास धरून ठेवल्याचं दुखणं होतं, हे मला त्या चौकात उभं राहून कळलं.

रस्त्यापलीकडे चष्म्याचं दुकान होतं, त्याचं दार मीच बसवलेलं. मालकाला फोन लावला, माझी बहीण येतेय म्हणालो. तर ही बाई जागची हलेना. तिच्या बसला कंडक्टर नाही आणि प्रवासी असताना बस सोडायची नाही, असा नियम. मी वर चढलो आणि म्हणालो, मी इथे उभा राहतो, तू परत येईपर्यंत हलणार नाही. कशालाही हात लावू नकोस, असं बजावून ती उतरली आणि गाड्यांमधून सावकाश, जपून पावलं टाकत गेली.

ती दुकानात शिरली आणि भोंग्याचा फोन आला. तो गाडी रस्त्यातच टाकून पळत सुनावणीच्या हॉलवर पोचला होता. आठवा नंबर बोलत होता. "पोस्टापासून चार मिनिटं आहेत, धाव," तो म्हणाला, "मी यांना थोपवून धरतो." मी दुकानाच्या दाराकडे बघितलं. दार बंद होतं.

बसमध्ये सगळ्यांचीच मतं उतू जात होती. फाइल घेतलेली एक बाई म्हणाली, तिची मुलाखत गेली, असल्या लोकांकडून दुप्पट वसूल करा. तिच्या शेजारणीच्या नवऱ्याचा टेम्पो होता. ती म्हणाली, मग आम्ही खायचं काय. पुढच्या सीटवरच्या एका आजोबांनी मलाच विचारलं की आजच एवढ्या गाड्या कुणी आणल्या इथे. कुणास ठाऊक, असं म्हणून मी काचेबाहेर बघत राहिलो. फोन पुन्हा वाजला, मी उचलला नाही. मग मेसेज आला, तू बाद. मला भोंग्याचा राग आला, समितीचा आला, आजवर एक अक्षर न बोललेल्या ताईचा आला. पण रविवारी टाळ्या घेणारा माणूस आठवला की त्यालाच दोन ठेवून द्याव्यात असं वाटत होतं.

ताई आली. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. तिनं विचारलं, "तुझा नंबर?"

"गेला."

तिनं क्षणभर डोळे मिटले आणि सीटवर बसली. आजोबांना राहवेना. "बाई, तुम्ही रोज या रस्त्यावर असता. कोण हो ही माणसं? एवढी अक्कल कुणाची?"

अक्कल कुणाची ते तिला पक्कं माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. आता हिनं सगळ्यांसमोर माझं नाव घ्यावं असं मला मनापासून वाटलं, म्हणजे एकदाचा सुटलो असतो.

"कामाची माणसं आहेत, आजोबा," ती म्हणाली. "सामान घेऊन त्यांना बसनं येता येत नाही. कुणी ऐकून घेत नाही, म्हणून आलीत."

माझ्या दोन पानांत होतं ते सगळं एवढंच होतं.

पुढे सुताराचा टेम्पो हलला. ताईनं बस सुरू केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उतर आता. समोरची गाडी तुझीच आहे, ती काढलीस तर मी निघेन." ती हळूच बोलली, पण आजोबांनी ऐकलं आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं. मी उतरलो, सगळ्या बसच्या डोळ्यांदेखत जाऊन माझ्या गाडीत बसलो आणि चावी फिरवली.