निमंत्रणातला ‘सुरेल’

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकादशीच्या भजनाचं निमंत्रण आलं आणि वैदेहीताई एका शब्दावर अडल्या. शेजारच्या नंदिनीनं लिहिलं होतं, ‘वैदेहीताईंच्या सुरेल आवाजात अभंग’. थायरॉईडच्या ऑपरेशनआधी ते खरं होतं. सीवूड्सच्या भजनी मंडळात ताई वर्षानुवर्षं पेटीच्या काळी चारच्या उंच पट्टीत गायल्या. आता वरचा सूर लावायला जावं तर गळा चिरकायचा. पूजेनंतर रोज एक अभंग म्हणायचा त्यांचा नेम, तोही महिनाभर मनातल्या मनात चालला होता. देवाला चालत असेल, पण त्यांना करमत नव्हतं.

त्यांनी नंदिनीला फोन करून ‘सुरेल’ तेवढं काढ गं, म्हणून विनवलं. देवाच्या कार्यक्रमात खोटं कशाला? पुन्हा गाता येईल की नाही, ही धास्ती मात्र त्यांनी बोलून दाखवली नाही. नंदिनीनं ते पेटीवर साथ करणाऱ्या राजाबाईंच्या कानावर घातलं. राजाबाई साताऱ्याकडच्या. संध्याकाळी पेटी घेऊन दारात हजर.

म्हणा म्हटल्यावर ताईंनी डोळे मिटून नेहमीच्या सुरात सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला.

“बघितलंत? गोडवा गेला तो गेलाच.”

“जाऊ द्या की. गोड तर रिव्हर्स घेताना गाडी बी वाजती. तिला कुनी सुरेल म्हनतं व्हय?”

“मग सुरेल कशाला म्हणायचं?”

“सुराला धरून ऱ्हातो त्यो सुरेल. मग घोगरा का असंना. तुमचा आवाज खाली आलाय ताई, अन् तुमी जुन्याच पट्टीत चढताय. पट्टी बी खाली आना.”

राजाबाईंनी काळी दोनवर बोट ठेवून भाता ओढला. ताईंना ते फारच खालचं, पुरुषी वाटलं. तरी भीत भीत त्यांनी सूर लावला. घोगराच निघाला, पण पेटीत असा मिसळला की सांधा कळेना. वर चढतानाही चिरकला नाही. त्या थांबल्या. खात्री होईना म्हणून तीच ओळ पुन्हा म्हणून पाहिली. पुन्हा बसली.

आतल्या खोलीत त्यांच्या यजमानांनी, श्यामसुंदररावांनी, टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या.

ताईंचे डोळे भरून आले. छातीवरचा दगड कुणी अलगद उचलून ठेवावा तसं झालं. मग, सांगू का नंदिनीला शब्द खोडायला, असं राजाबाईंनी मुद्दाम विचारलं.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “तुम्ही सूर धरा.”

त्या देवघराकडे तोंड करून बसल्या. महिनाभराचे अभंग मोठ्यानं म्हणायचे राहिले होते, आज निदान दोन तरी व्हायला हवेत.