हेकरूची पाठवणी

कनकाम्मांनी निऱ्या वर खोचल्या, एक पाय नावेच्या काठावर टाकला आणि दुसरा वाळूतून उचलायच्या आधी सुनेकडे वळून विचारलं, "खरंच सोडतेस ना गे?"

"सोडते, अम्मा."

"आज मी पाहीन."

झालं! सासूबाई नावेत चढल्या. नीलमने त्यांच्या हातातला दहीभाताचा डबा घेतला आणि तोंडावर हसू ठेवलं.

नीलम मूळची मालवणची. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायची नोकरी धरून ती चेन्नईला आली, वेंकटच्या प्रेमात पडली आणि अण्णा नगरच्या ज्या तंजावरी मराठी घरात सून म्हणून गेली, तिथे चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबायचा. मासा खाणं तिने सोडलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं, पण कुणी खा असंही म्हटलं नव्हतं. गरवणं, म्हणजे गळ टाकून मासे धरणं, मात्र तिला सोडवेना. बापाच्या मांडीवर बसून शिकलेली विद्या ती, हात शिवशिवायचे. शेवटी कनकाम्मांनीच तोडगा काढला. धरायचा तर धर, पण जीव घ्यायचा नाही. ज्या दिवशी एक जरी मासा मेला, त्या दिवशी हे बंद. नीलमने शब्द दिला आणि पाळला. चेन्नईजवळच्या कोवळमच्या खाडीच्या तोंडाशी ती दर रविवारी उथळ पाण्यातले मासे धरी आणि गरी काढून अलगद पाण्यात सोडून देई.

साक्षीला वेंकट असायचा. पण आज पहिल्यांदा लांब, पाण्याखालच्या खडकांपर्यंत जायचं ठरलं होतं आणि वेंकटला तर किनाऱ्यावर उभ्या नावेतही मळमळायचं. सकाळी त्याने ताप असल्याचं जाहीर केलं. त्याची जागा त्याच्या आईने घेतली. उभा जन्म शाळेत फिजिक्स शिकवलेली बाई, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवते होय!

नाव पूर्वेला निघाली. नारायणस्वामी नावाड्याने तोंडात पान भरलं होतं आणि एका पायाने इंजिनाचा दांडा सांभाळत तो कनकाम्मांशी तमिळमध्ये गप्पा मारत होता. त्याच्या मते बाईमाणसं नावेत आली की मासा लाजतो. कनकाम्मांच्या मते मासा लाजला तर चांगलंच, बिचारा वाचेल तरी. दोघांचं छान जमलं.

किनाऱ्यावरच्या इमारती काड्यांएवढ्या झाल्या तेव्हा नारायणस्वामीने इंजिन बंद केलं आणि पाण्याकडे हनुवटी केली. खाली पार होता, म्हणजे बुडालेला खडक, आणि त्याच्या कपारींतून राहणारे मोठे मासे. नीलमने गरीला माकुलाचा तुकडा लावला, शिसं सोडलं आणि दोर सुटत गेला, सुटत गेला. पंचवीसेक वाव, म्हणजे दीडशे फूट तरी असेल. इतकं खोल तिने मालवण सोडल्यापासून काही टाकलं नव्हतं.

"खाली काय आहे ते कळतं तुज?" कनकाम्मांनी विचारलं.

"बोटाला कळतं. हे आता वाळूवर आहे. हा बघा, दगड लागला."

पहिला झटका आला तो एवढा जबर, की रॉडचं टोक थेट पाण्यात गेलं.

"अय्यो!" कनकाम्मा ओरडल्या.

नीलमने पाय काठाला रोवले. खडकातला मोठा मासा आमिष घेतो आणि मागल्या पावली बिळाकडे पळतो. एकदा आत शिरला की तो फुगून बसतो आणि मग तुमचा दोर तुटतो, तो काही निघत नाही. जे काही करायचं ते त्याच्या आत करायचं. तिने रॉडचा दांडा ओटीपोटात खुपसला, दात आवळले आणि सगळं अंग मागे टाकलं. दोर करकरला. पण तसूभर वर आला. मग आणखी तसूभर.

"हेकरू आहे!" ती ओरडली. "अम्मा, हेकरू आहे, मोठा आहे!"

नारायणस्वामी पान थुंकून उभाच राहिला. तमिळमध्ये इतक्या भराभर काय काय म्हणत होता कोण जाणे, पण त्यात शिव्या नव्हत्या, कौतुक होतं. नीलमचे दंड पेटले होते, घाम डोळ्यांत उतरला होता आणि तिला इतका आनंद झाला होता की रडू येईलसं वाटत होतं. आपण अजून तीच आहोत! कारखान्याची, अण्णा नगरची, तंजावरकरांची झालो तरी हात तेच आहेत. हळूहळू ओढ हलकी झाली. दमला, तिला वाटलं. आणि पाण्याखालून एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं धूड वर येऊन आडवं झालं. जबडा असा, की त्यात कलिंगड मावावं.

नारायणस्वामीने जाळीत घेऊन तो नावेत ओढला. कनकाम्मा मागे सरल्या, मग पुन्हा पुढे झाल्या, आणि हात पाठीमागे बांधून त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाप रे," त्या मराठीत म्हणाल्या. मग लगेच, "सोड आता."

नीलमने भराभर गरी काढली. फोटोसुद्धा काढला नाही. दोन्ही हातांनी हेकरू उचलला आणि पाण्यावर ठेवून हात काढले. आता एक शेपटी मारील आणि जाईल.

तो गेला नाही. उताणा झाला. पोट नगाऱ्यासारखं टम्म, डोळे खोबणीतून पुढे आलेले, तोंडातून काहीतरी गुलाबी फुग्यासारखं बाहेर. त्याने शेपटी मारली, वीतभर खाली गेला आणि पुन्हा वर येऊन तरंगायला लागला.

"मेला का गे?"

नीलमच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही, नाही. जाईल आता."

"जात नसतो तो," नारायणस्वामी म्हणाला. पारावरचा मासा वर आला की परत जात नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घ्या नावेत, चांगला कालवणाचा मासा आहे.

खरी गोम अशी होती, की हे नीलमला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. मालवणात खोल पाण्यातून वर काढलेला हेकरू परत सोडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. तिच्या बापाने असा फुगलेला मासा शेकडो वेळा पाहिला असेल, पण त्याचं पुढे काय होतं हा प्रश्न थेट तव्यावरच सुटायचा.

तिने सासूकडे पाहिलं. कनकाम्मा रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. त्या माशाकडे बघत होत्या.

"पावम," त्या हळूच म्हणाल्या. "बिचारं. श्वास घेतंय अजून."

"काही लोक सुई टोचतात पोटाला," नारायणस्वामी म्हणाला.

कनकाम्मांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढून पुढे केली. नीलमने ती घेतली आणि हात थांबला. टोचायची कुठे? चुकली तर आपल्याच हाताने मारल्यासारखं होईल. वर एक घार फेऱ्या घालायला लागली होती.

"थांब," कनकाम्मा म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "फुगला कशास? खाली पाण्याचा दाब. वर आला, दाब गेला, आतली हवा फुगली. मग टोचायचं कशास? परत खाली ने. दाब पडेल, हवा आपोआप बसेल."

"पण तो खाली जातच नाहीये, अम्मा!"

"तो जात नाही. आपण नेऊं."

नीलमची नजर नावेभर फिरली आणि पिवळ्या प्लास्टिकच्या क्रेटवर थांबली. तिने आतले दोर उपसून फेकले आणि क्रेट पालथा घातला. कोंबड्या झाकायला डालगं ठेवतात तसा! मासा वर तरंगायला बघणार, म्हणजे क्रेटच्या तळाला आतून चिकटून बसणार आणि क्रेट खाली जाईल तसा त्याच्याबरोबर जाणार. "शिसं द्या," ती नारायणस्वामीला म्हणाली. "असेल तेवढं." त्याने तिच्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, पण दिलं.

पहिल्या खेपेला क्रेट कलंडला आणि हेकरू बाजूने निसटून पुन्हा वर. घार खाली आली. नीलमने वल्हं उगारून तिला अशी काही मालवणी शिवी हासडली की नशीब, कनकाम्मांना ती कळली नाही.

"चारी कोपरे सारखे नाहीत गे!" कनकाम्मांनी क्रेट स्वतःकडे ओढला. साडी भिजली, हाताला आमिषाचा चिकटा लागला, आयुष्यात कधी मासळीबाजाराच्या रस्त्याने न गेलेली ती बाई नावेच्या तळाशी फतकल मारून शिशाच्या गाठी सोडून पुन्हा बांधत बसली. "हां. आता."

नीलम पोटावर आडवी होऊन काठाबाहेर ओणवली. एका हाताने क्रेट, दुसऱ्याने मासा. तिच्या कमरेला मागून दोन हातांची मिठी पडली.

"मी धरलंय. वाक तू."

ती खांद्यापर्यंत पाण्यात गेली. हेकरूचं थंड, जड अंग तिने क्रेटखाली सारलं आणि दाबून धरलं. "सोडा!"

नारायणस्वामीने दोर सोडला. क्रेट सरळ खाली गेला. पिवळा रंग हिरवा झाला, मग दिसेनासा झाला. वर काही आलं नाही. नीलम दोर बोटांवर घेऊन बसली. पाच वाव. दहा. त्याहून पुढे. बोटाला काही कळत नव्हतं, नुसतं वजन.

आणि मग दोर धडकन हलला. एकदा. पुन्हा एकदा. खाली कुणीतरी आतून दार ठोठावत होतं.

"अम्मा!" तिने कनकाम्मांचा हात ओढून दोरावर ठेवला. "बघा!"

तिसरा धक्का असा बसला, की दोघींच्या हातांना चटका लागला. मग सगळं शांत.

त्यांनी क्रेट वर ओढला. रिकामा! तिघंही काठ धरून चहूकडे पाहत राहिले. पाणी निवांत हलत होतं, त्याच्यावर काही नव्हतं, आणि घार कंटाळून किनाऱ्याकडे गेली.

"गेला!" नीलम ओरडली. "गेला, अम्मा, गेला तो घरी!"

कनकाम्मांनी चक्क टाळ्या वाजवल्या. नारायणस्वामीही हसत होता. आठ किलोचा मासा घाम गाळून घरपोच करणारी माणसं त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

मग दहीभात झाला. समुद्राच्या पाण्याने हात धुतले, पण वास काही गेला नाही. कनकाम्मांनी त्याच हाताने खाल्लं. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या गावी नाही सोडत कोणी?"

"नाही."

"म्हणजे हे सोडणं माझ्यासाठी."

"हो."

"नाहीतर तू काय केलं असतंस? खरं सांग."

काही नाही, असं म्हणायची नीलमला इतकी सवय झाली होती की शब्द ओठांवर आलाच होता. पण मघाची मिठी अजून कमरेभोवती जाणवत होती.

"खाल्ला असता, अम्मा," ती म्हणाली. "तिरफळ घालून. आई करते तसा. मला फार आठवण येते त्याची."

कनकाम्मांनी डब्याचं झाकण लावलं.

"भुकेला माणूस खातो, ते मज कळतं," त्या म्हणाल्या. "मी नाही खात, पण कळतं. माझ्या शब्दापायी त्याचे डोळे बाहेर आले, ते कळत नाही. कुणासाठी गे एवढा छळ?"

नीलमने रॉड आवरायला घेतला. आता बंद. आता म्हणतील.

"गच्चीवर शेगडी ठेव. भांडी वेगळी. माझ्या ताटाजवळ नको. आणि खाशील तेवढाच धरायचा, उगीच खेळ नाही. सरी?"

"अम्मा—"

"आता रडूं नको. गरी टाक."

नीलमने नाक पुसून गरी टाकली. थोड्या वेळाने ओढ आली, लहानशी, अगदी एका माणसापुरती. लालचुटूक तांबोशी वर आली आणि उन्हात चमकली. नीलमने ती हातात धरली आणि तशीच उभी राहिली. धीर होईना.

कनकाम्मा उठल्या. नावेच्या टोकाशी बर्फाची पेटी होती, तिचं झाकण त्यांनी दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि तोंड पलीकडे फिरवलं.

"लवकर गे," त्या किनाऱ्याकडे बघत म्हणाल्या. "बर्फ वितळतो."