शेजाऱ्यांचं वाक्य

दुसऱ्यांच्या चांगुलपणावर मधुवंतीचं बरं चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धात ज्या साध्यासुध्या माणसांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना घरात लपवलं, त्यांच्यावर ती सिंगापूरच्या एका विद्यापीठात संशोधन करत होती. कोणी गवळी, कोणी सुईण, कोणी शाळेतला शिपाई. ती बोलायला लागली की रॅफल्स प्लेसच्या बँकांमधली टाय लावलेली मंडळीसुद्धा डोळे पुसत.

तिची सगळ्यात लाडकी म्हणजे आल्त्ये, हॉलंडमधल्या एका गावातली परटीण. ना नात्याच्या ना गोत्याच्या अशा एका ज्यू शिंप्याला आणि त्याच्या बायकोला तिने कपडे उकळायच्या भट्टीमागे एकोणीस महिने ठेवलं. बाहेर पडताना ती भट्टीमागची फळी बाहेरून पक्की करून जायची. एके दिवशी तिला बाजारातूनच उचललं, ती परत आलीच नाही. आतली दोघं आठवडाभर भिंत ठोकत राहिली. युद्ध संपल्यावर कोणीतरी शेजाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "ठोकल्याचं ऐकू यायचं. मग थांबलं. आम्हाला वाटलं, ते निघून गेले असतील."

हे वाक्य मधुवंती प्रत्येक भाषणाच्या शेवटी वाचायची, आणि वाचून झालं की ओठ किंचित मुडपायची. मुलाखत घ्यायचा तिचा एक नियम होता. सगळ्यात आधी नाव विचारायचं, कारण नाव कळलं की माणूस विसरता येत नाही. विद्यार्थ्यांना तिने हा नियम घोटून घोटून पाठ करून घेतला होता.

त्या गुरुवारी तिचं दुपारी तीनला भाषण होतं, आणि सकाळी साडेदहाला संग्राम घरी आला. तिचा नवरा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनीअर. जहाज बाहेर नांगरलेलं, लाँचने चार तासांसाठी किनाऱ्यावर यायची परवानगी मिळालेली. चार महिन्यांनी घरी येत होता म्हणून तिने थालीपीठ लावलं होतं. त्याने एक तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"मधू, माझ्या जहाजावर दोघं लपलेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सुकाणूच्या वर जहाजाच्या पोटात एक पोकळी असते. खालून समुद्राला उघडी. जहाज रिकामं असलं की ती पाण्याच्या वर राहते. आफ्रिकेत बंदरात उभे होतो, तेव्हा रात्री होडीतून येऊन चढले. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या पोकळीच्या बरोबर वर असलेल्या स्टीअरिंग रूममध्ये पायाखालून ठोकल्याचा आवाज आला. तिथे जमिनीत पोकळीचं झाकण आहे, त्याचे बोल्ट काढले, तर खाली नवरा-बायको. ती पोरगी जेमतेम विशीची असेल."

"कॅप्टनला सांगितलंस?"

"नाही. मागच्या जहाजावर त्याने अशाच दोघांना तराफ्यावर बसवून समुद्रात सोडलं, असं क्रू म्हणतो. मी त्यांना वर घेतलं, स्पेअर्सच्या रॅकमागे ठेवलं. बारा दिवस माझ्या ताटातलं नेऊन घातलं." तो कसनुसा हसला. "तुझी ती परटीण डोक्यात होती. वाटलं, कपडे धुणाऱ्या बाईला जमलं, मला का नाही?"

मधुवंतीला भरून आलं. खोटं कशाला बोला, लिहायला घेतलेल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरणही तिच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं.

"आत्ता कुठे आहेत?"

"आज तपासणी होती, म्हणून पहाटे परत खाली उतरवलं आणि बोल्ट लावले. माल उद्या चढायचा होता. रात्री त्यांना वर घेणार होतो. लाँचमध्ये बसल्यावर फोन आला, लोडिंग आजच आहे, बारा वाजता सुरू. माल चढला की जहाज खाली बसतं आणि ती पोकळी भरते. दोन-अडीचला पाणी झाकणाला टेकेल."

"मग जा ना परत! उघड!"

"तपासणीची माणसं संध्याकाळपर्यंत त्याच खोलीत आहेत. गुपचूप नाही उघडता येणार." त्याने फोन टेबलावर ठेवला. स्क्रीनवर पोर्टचा नंबर आधीच काढून ठेवलेला होता. "एवढाच मार्ग आहे. सगळं सांगून टाकायचं. लोडिंग थांबवतील, दोघांना बाहेर काढतील. पुढे डांबतील, परत पाठवतील, पण जिवंत राहतील."

"आणि तुझं काय?"

"जहाजावर कोणी लपलेलं नाही, या फॉर्मवर माझी सही आहे. लायसन्स जाणार. कदाचित आतही बसावं लागेल. इथे कायमचं राहायचा आपला पीआरचा अर्ज तर गेलाच." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू फक्त हो म्हण. मी लावतो."

हाही शहाणाच. बारा दिवस एकट्याने धीट राहिला आणि शेवटच्या बोटाभराच्या कामाला बायकोचा होकार हवा होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ईशा आली, कपाळावर गॉगल चढवलेला. शाळेला सुट्टी होती.

"बाबा, टुडे स्विमिंग! यू कम सी, लाह!" ती इथल्या सिंगापुरी मुलांसारखंच इंग्रजी बोलायची.

"येतो हं," संग्राम म्हणाला. ती टॉवेल घेऊन नाचत खाली पूलवर गेली.

दार लागलं. मधुवंतीने थालीपीठावर ताटली झाकली. मग ती शांतपणे बोलायला लागली. सेमिनारमध्ये बोलायची तसाच आवाज होता.

"खालून उघडीच आहे ना ती जागा? जसे आले तसे जातील."

"होडीतून आले होते. तिला पोहता येत नाही."

"त्याला येतं ना?"

संग्राम तिच्याकडे बघतच राहिला. बारा वर्षांच्या संसारात त्याने तिचा हा चेहरा पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिनेही नाही.

"मधू, अगं माणसं आहेत ती. तिचं नाव..."

"नावं सांगू नकोस," ती पटकन म्हणाली.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने फोन उचलला, स्क्रीन बंद केली आणि त्याच्या खिशात ठेवला. "तू काही पाहिलं नाहीस. त्यांना आपण बोलावलं नव्हतं. आपल्याला एक मुलगी आहे, संग्राम."

त्याने नाही म्हटलं नाही. पूलवर दोन मिनिटं उभा राहून ईशाला हात केला आणि लवकरच्या लाँचने परत गेला.

तीन वाजता मधुवंती भाषणाला उभी राहिली. हॉल गच्च भरला होता. भाषण फारच उत्तम झालं. भट्टीची ऊब, एकोणीस महिने एकाच ताटात जेवलेली तीन माणसं, बाहेरून लावलेली फळी. शेवटी पडद्यावर शेजाऱ्यांचं वाक्य आलं. तिने ते वाचलं आणि ओठ मुडपले. आजही मुडपले, इतकी सवय झाली होती. लोकांनी चुकचुकत टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच तिने टेबलावरचा फोन पाहिला. संग्रामचा मेसेज होता.

"झाकणावर पाय ठेवून उभा होतो. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही, पण तळपायाला कळत होतं. दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत ठोकत होते. मग थांबलं. मधू, काहीतरी बोल."

तिने काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग जे सुचलं ते पाठवून दिलं.

"निघून गेले असतील."

निळ्या खुणा लगेच उमटल्या.

आयोजकांपैकी एक बाई हसत पुढे आली आणि म्हणाली, फोटो हवाय, तिथेच उभ्या राहा. मधुवंतीने फोन उलटा ठेवला, केस कानामागे सारले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. मागे पडद्यावर शेवटची स्लाइड तशीच होती. फोटो छान आला.