उम्म सासोन थांबत नाही

लढाईत मेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला सकाळी दोन मिनिटं भोंगा वाजला की अफुला गावाचा मोठा रस्ता जागच्या जागी थिजतो. बस मधोमध उभ्या राहतात. ड्रायव्हर दार उघडून खाली उतरतात आणि मान खाली घालून उभे राहतात. बियावाला अल्बेर हातातला झारा सूर्यफुलाच्या बियांत तसाच रुतवून ठेवतो. बिया करपतात, आणि त्या दिवशीच्या करपलेल्या बियांबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकानं कुरकुर केलेली नाही. एरवी हेच लोक मूठभर बियांसाठी त्याचं डोकं खातात.

त्या दोन मिनिटांत चालत असायची ती फक्त उम्म सासोन. बाजाराची दोन चाकांची कापडी गाडी मागे ओढत ही ठेंगणी इराकी म्हातारी उभ्या माणसांमधून वाट काढत जायची. गाडीचं डावं चाक कुरकुरायचं. भोंगा इतका मोठा की कानाचे पडदे दुखावेत, तरी ते चाक ऐकू यायचंच. तिला कोणी अडवत नसे आणि नंतर त्याबद्दल कोणी बोलतही नसे.

तिचं खरं नाव हबीबा. इराकी लोकांत आईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून उम्म सासोन, सासोनची आई. सासोन कालव्याकडच्या लढाईवर गेला तो परत आला नाही. देह सापडला नाही, कबर झाली नाही. पुढे सैन्याची माणसं दारात आली आणि म्हणाली, बाई, बसा. त्यांना सांगायचं होतं की आता त्याला मृत धरलं आहे. ही बसलीच नाही. "मला बाजाराला उशीर होतोय," म्हणाली आणि त्यांच्यामधूनच गाडी ओढत निघून गेली. तेव्हापासून ती चालतेच आहे.

"भोंगा मेलेल्यांसाठी असतो," ती सांगायची. "माझा पोरगा हरवलाय. हरवलेल्यासाठी कोणी उभं राहतं का?" आणि दर वर्षी वसंतातल्या पेसाहच्या सणाआधी सासोनची सायकल जिन्यावरून खाली आणून ती चाकांत हवा भरून न्यायची. सायकलवाला मुकाट्यानं हवा भरून द्यायचा.

श्रागाला हा रस्ता वरून दिसायचा. त्याचं फोटोचं दुकान रस्त्यावर, घर दुकानाच्या वर, आणि घराला एक अरुंद गच्ची. लग्नाचे, पासपोर्टचे, मुलांचे फोटो काढून त्याचं पोट भरत असे, पण त्याचा जीव होता तो बापानं रोमानियाहून आणलेल्या पेटी कॅमेऱ्यात. दर वर्षी भोंग्याला तो हा कॅमेरा गच्चीत तिकाटण्यावर उभा करायचा. उजेड कमी व्हावा म्हणून भिंगापुढे काळी काच लावायची, भोंगा सुरू झाला की टोपण काढायचं, संपला की लावायचं. दोन मिनिटं एकच फोटो. अशा फोटोत जो हलत नाही तोच उमटतो. जो चालत राहतो तो पुसला जातो, जणू नव्हताच. म्हणून श्रागाच्या भोंग्याच्या फोटोंत अख्खं गाव असायचं आणि उम्म सासोन एकाही फोटोत नसायची.

"काय रे श्रागा, यंदा तरी आले का मी?" ती खालून ओरडायची.

"तुम्ही हलता, उम्म सासोन. हलणाऱ्याला माझा कॅमेरा ओळखत नाही."

"बरंच आहे! मेलेल्यांच्या फोटोत माझं काय काम?"

त्या वर्षी कॅमेऱ्याच्या कातडी भात्याला भोक पडलं. श्रागानं ठिगळ लावलं, आणि उजेड आत शिरत नाही ना हे पाहायला पेसाह संपल्यावर एका साध्या सकाळी, भर गर्दीत, दोन मिनिटांचा एक फोटो काढून पाहिला. साध्या दिवशी असा फोटो त्यानं आयुष्यात कधी काढला नव्हता. काय येणार ते त्याला ठाऊक होतं: सगळे चालते, म्हणून सगळे पुसलेले. नुसती दुकानं, झाडं आणि रिकामा रस्ता.

तसाच आला. फक्त लॉटरीच्या टपरीपाशी एक जण उभा होता.

तरणा पोर होता, गणवेशात. इतका स्वच्छ आला होता की बुटांच्या नाड्या मोजाव्यात. कोणीतरी बसची वाट पाहत उभा असेल, असं श्रागा स्वतःशी म्हणाला. पण दोन मिनिटं पापणीइतकंही न हलता बसची वाट कोण पाहतं? दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा फोटो काढला. पोर तिथंच होता. तिसऱ्या दिवशी टोपण काढल्यावर श्रागानं कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून टपरीवरची नजर ढळू दिली नाही. तिथं दोन बायका लॉटरीच्या आकड्यावरून भांडत होत्या, एक कुत्रं येऊन गेलं, आणि दुसरं कोणीही नव्हतं. फोटोत बायका नव्हत्या, कुत्रं नव्हतं. पोर होता.

श्रागानं भिंग लावून चेहरा पाहिला. डाव्या कानाची वरची कड दुमडलेली होती. हा कान त्याच्या हाताखालून गेला होता. सैन्यात भरती होण्याआधी सासोन फोटो काढून घ्यायला आला होता, तेव्हा श्रागानं आपली हुशारी म्हणून ब्रशनं तो कान सरळ करून दिला होता. उम्म सासोननं दुकानात येऊन तमाशा केला होता. "माझ्या पोराचा कान मला परत दे!"

बायकोला, क्लाराला, त्यानं तीनही फोटो जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवले. तिनं काटा खाली ठेवला.

"जाळून टाक," ती म्हणाली.

"तिचा मुलगा आहे, क्लारा."

"म्हणूनच सांगते. ती म्हणेल, बघा, जिवंत आहे! उद्यापासून टपरीखाली अंथरूण टाकून बसेल. तू निस्तरणार आहेस?"

"आणि नाही दाखवलं तर?"

क्लारानं फोटो उलटे करून ठेवले. "मला त्याच्याकडे बघत जेववत नाही. तुझं तू ठरव."

श्रागा दोन दिवस झोपला नाही. भूतबित मानणारा माणूस नव्हता तो. पण दिवसा गच्चीत गेला की त्याची मान आपोआप टपरीकडे वळायची आणि तिथं कोणी नाही हे पाहूनच त्याला जास्त भीती वाटायची. शेवटी त्याच्यानं राहवेना. उम्म सासोन बाजारातून परतताना दिसली तसं त्यानं तिला दुकानात बोलावलं आणि फोटो पुढं ठेवला.

क्लारा म्हणाली होती तसंच झालं. "बघ!" म्हातारी किंचाळली. "वीस वर्षं ओरडतेय मी! बघ!" गाडी तिथंच टाकून ती बाहेर धावली. श्रागानं काचेतून पाहिलं. ती टपरीला वळसा घालून आली, मागे वाकून पाहिलं, टपरीवाल्याला काही विचारलं. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. खुर्ची दिली तरी ती बसली नाही. फोटो डोळ्यांजवळ धरून तिनं आधी कान पाहिला. मग कितीतरी वेळ चेहरा पाहत राहिली.

"मोठा झाला नाही रे," ती म्हणाली.

मग तिनं टपरीपुढच्या रिकाम्या रस्त्यावर बोट ठेवलं.

"बाकीचे कुठे गेले? त्या वेळेला तर रस्ता भरलेला असतो."

"सगळे चालत होते. थांबतो तोच येतो फोटोत."

"मी होते का तेव्हा?"

श्रागाला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "होतात. जाताना एकदा, येताना एकदा. तिन्ही दिवस."

"म्हणजे मी त्याच्या समोरून गेले." ती सावकाश म्हणाली. "आणि थांबले नाही."

बाहेर अल्बेर कुणाला तरी बियांचा भाव सांगत होता. उम्म सासोननं फोटो पदराआड धरावा तसा झग्याच्या आत सारला.

"त्याला उभं राहणं कधी जमलंच नाही," ती म्हणाली. "बाजारात कोणाशी दोन शब्द बोलत थांबले की हा गाडी माझ्या हातातून ओढून घ्यायचा आणि पळायचा. पाठीला डोळे नसतात ना, कळायचंच नाही मला. मी खाली शिव्या घालतेय, आणि गाडी तिसऱ्या मजल्यावर दारात. असा पोरगा. तो एवढा वेळ उभा आहे. कशासाठी रे?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. ती थांबली तर तो सुटणार होता. पण ती थांबली की तो मेला, हेही तितकंच खरं होतं. दारातून बाहेर पडताना ती मागे न बघता म्हणाली, "भोंग्याला काढशील ना फोटो?"

"दर वर्षी काढतो."

"मला त्या दिवशी बटाटे घ्यायचेत," ती म्हणाली, आणि चाक कुरकुरत गेलं.

स्मृतिदिनाला ऊन कडक होतं. श्रागानं कॅमेरा लावला, काळी काच बसवली. ती बाजाराच्या टोकाकडून येताना दिसली. गाडी बटाट्यांनी फुगलेली होती. इतक्यात भोंगा सुरू झाला. श्रागानं टोपण काढलं, मान खाली घातली आणि हात बाजूला सोडून उभा राहिला. या दोन मिनिटांत तोही वर बघत नसे. या देशात लहान पोरंसुद्धा बघत नाहीत.

चाक कुरकुरत जवळ आलं. टपरीपाशी आलं.

चाक थांबलं.

नुसता भोंगा उरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नुसता भोंगा. तो आवाज इतका मोकळा वाटला की श्रागाच्या डोळ्यांत पाणी आलं. थांबली बिचारी, त्याच्या मनात आलं, थांबली एकदाची.

आणि चाक पुन्हा कुरकुरलं.

नाही जमलं तिला, त्याला वाटलं. त्याला वाईट वाटलं आणि जरा हायसंही वाटलं. पण ही तिची चाल नव्हती. चाक झरझर येत होतं, खड्ड्यात उडत होतं. त्याच्या गच्चीच्या अगदी खालून ते गेलं आणि तिच्या गल्लीकडे वळलं. आयुष्यभर पुरेल एवढा मोह झाला त्याला मान उचलायचा. त्यानं उचलली नाही.

भोंगा खाली उतरत उतरत विझला. श्रागानं टोपण लावलं आणि पाहिलं. उम्म सासोन टपरीपाशी उभी होती. तिचा उजवा हात मागे होता, बोटं गाडीच्या दांडीवर मिटावीत तशी मिटलेली. गाडी नव्हती. लोकांनी माना वर केल्या होत्या आणि एकमेकांकडे बघत होते. सगळ्यांनीच ऐकलं होतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं. करपलेल्या बियांचा वास सगळीकडे पसरला होता.

"उम्म सासोन," अल्बेर चाचरत म्हणाला, "अहो, तुमची गाडी..."

"घरी गेली," ती म्हणाली. आणि रिकाम्या हातानं चालू लागली.

श्रागानं लगेच खाली जाऊन काळोख्या खोलीत फोटो धुतला. पाण्यात एकेक माणूस वर आला: ड्रायव्हर, अल्बेर, शाळेच्या मुली. आणि टपरीपाशी ठळक, पहिल्यांदाच, उम्म सासोन. सुरकुती न् सुरकुती दिसत होती. तिच्या शेजारी, जिथं पोर उभा असायचा, तिथं नुसता डांबराचा रस्ता होता. तिच्या मिटलेल्या मुठीपासून एक फिकट पट्टा निघाला होता, चुलीतून धूर निघावा तसा, आणि गच्चीखालून गल्लीकडे गेला होता.

ओला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून तो तिच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी गाडी उभी होती, नीट, भिंतीला टेकवून, एक बटाटाही न सांडता. ते ओझं उचलून तीन जिने चढताना कुठलीही म्हातारी मेली असती.

उम्म सासोन आतल्या बोळात सायकलीपाशी उभी होती. त्यानं फोटो पुढं केला. तिनं स्वतःला पाहिलं, रिकामी जागा पाहिली, आणि पट्ट्यावरून एकदा बोट फिरवलं.

"दिसला नाही," श्रागा म्हणाला.

"चालला ना. मग कसा दिसेल?" ती म्हणाली. "तूच सांगितलंस."

फोटो तिनं सायकलीच्या सीटवर ठेवला. मग गुडघ्यावर हात देत खाली वाकली आणि पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह सोडला. पेसाहला भरलेली हवा बाहेर पडू लागली. बारीक, लांब आवाज करत ती जातच राहिली. श्रागानं डोक्यावरची टोपी काढली, मग मेलेल्यांसाठी आपल्यात डोकं झाकतात हे आठवून पुन्हा घातली, आणि हात बाजूला सोडून उभा राहिला. उम्म सासोन भिंतीला धरून उठली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. हवा संपेपर्यंत दोघांपैकी कोणी हललं नाही.